पश्चिमेचा अँकर

११ फेब्रुवारी

आज साडूने मला नळ दुरुस्त करायला बोलावलं. खरंच सांगतो. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, नवा वॉशर आणून ठेवलेला, पाना समोर पडलेला, आणि हा गृहस्थ स्टुलावर बसून माझी वाट बघत होता. तीस वर्षं टॉवर उभे केलेला माणूस! चाळीस मीटर उंचावर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बोल्ट आवळायचा, आणि वर खालच्या सगळ्यांची टिंगल करायचा. म्हणाला, "तूच आवळ. माझ्या हाताला अंदाज राहिला नाही. जास्त जोर लावेन नि आटा मोडेल." मी आवळला. दोन मिनिटांचं काम. ताईने चहा केला. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, नात्याने माझी आकडसासू. तो चहा अर्धाच टाकून मी उठलो.

घरी येऊन ही वही काढली. कामाची जुनी वही आहे, अर्धी मोजमापांनी भरलेली, अर्धी कोरी. अवजारांच्या पेटीत तळाशी असते, तिथे हिचा हात जात नाही. कुणाला तरी सांगायला हवं. माणसाला सांगायची छाती नाही, म्हणून कागदाला सांगतो.

झालं ते असं. गेल्या एकोणीस ऑक्टोबरला आमचा वारा मोजायचा टॉवर पडला. हे टॉवर काठीसारखे बारीक असतात, आपल्या पायावर उभे राहत नाहीत. चार दिशांना चार तारा ताणून त्यांना धरून ठेवावं लागतं, आणि प्रत्येक तारेचं खालचं टोक जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधायचं. त्या ठोकळ्याला आम्ही अँकर म्हणतो. तारा ताणणारी आणि वर चढणारी टोळी साडूची. खणणारी आणि पुरणारी टोळी माझी. त्या दिवशी साडूने चारही तारा ताणल्या, वर चढला, वीसेक फुटांवर असताना वारा सुटला आणि पश्चिमेची तार ढिली पडली. टॉवर मधून वाकला. खाली वाळू होती म्हणून साडू वाचला. डावी टाच फुटली, मनगट मोडलं. कंपनीने चौकशी केली तेव्हा तो आपणहून म्हणाला, पूर्वेची तार माझ्याकडून जास्त ताणली गेली असणार, तिनेच पश्चिमेची खेचली. कंपनीने तेच लिहून घेतलं. मला विचारलं, पश्चिमेचा अँकर किती खोल होता? मी म्हटलं, सात फूट. नकाशात सातच आहे.

प्रत्यक्षात सहाच्या आसपास असेल. वाळूत इंच-इंच कोण मोजत बसतं?

१२ फेब्रुवारी

सहा नव्हता. साडेपाच धर.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी साडूकडे जेवायला गेलो. त्याची पोरगी कॉलेजात जाते, तिला सगळं विचारायचं असतं. म्हणाली, "काका, वाळू तर मुठीतसुद्धा थांबत नाही. तिच्यात पुरलेला ठोकळा धरतो कसा?"

हा माझा विषय. मी रंगात आलो. म्हटलं, अगं, ठोकळा धरतच नाही, धरते ती त्याच्या अंगावरची वाळू. तार ओढायला लागली की ठोकळ्याला एकट्याला वर येता येत नाही, डोक्यावरचा आणि पुढचा सगळा ढीग उचलून आणावा लागतो. जितका खोल ठोकळा, तितका तो ढीग वर पसरत मोठा होतो. आणि तार ज्या बाजूला ओढते, त्या बाजूची भिंत न दुखावलेली हवी. म्हणून खणायचं नेहमी मागून. पुढची वाळू जन्मापासून जशी बसली आहे तशी बसू द्यायची. मग भरताना वीतभर थर, पाणी, आणि धुम्मसाने ठोकून घट्ट करायचं. पुन्हा वीतभर थर, पाणी, धुम्मस. इथे घाई केली की मेलात.

पोरीने बोटांवर काहीतरी हिशेब केला. "म्हणजे खोली अर्धी केली तर पकड अर्धी राहत नाही. पाव राहते?"

"पावाच्याही खाली."

"मग सातऐवजी पाच असेल तर?"

तिने आपला सहज एक आकडा घेतला होता. मी वस्सकन अंगावर गेलो, "कशाला असेल पाच?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. साडू हसून म्हणाला, "अगं, तुझ्या काकाचा अँकर बावीस वर्षांत कधी हलला नाही. हललो तो मी."

ताई उगाच पुन्हा वाढायला लागली.

येताना वाटेत हिने विचारलं, "तो पश्चिमेचा खड्डा भरला, त्या दिवशी तुम्ही चारलाच घरी आला होता ना? एरवी असल्या खड्ड्याला अंधार होतो तुम्हाला." मी म्हटलं, असेन आलो. बायकांच्या काय काय लक्षात राहतं!

२० फेब्रुवारी

साडेचार फूट. लिहिलं एकदाचं.

सहा ऑक्टोबर होता. उत्तर, पूर्व आणि दक्षिण हे तीन खड्डे पुरे सात झाले होते, त्याबद्दल मी कुणाचीही शपथ घेईन. पश्चिमेला मात्र वाळू पिठासारखी कोरडी. चार फूट गेलं की कडा घसरायची, पुन्हा उपसायचं, पुन्हा घसरायची. याला उपाय एकच, पाणी मारायचं. दमट वाळू भिंतीसारखी उभी राहते. पण सकाळी यायचा टँकर दुपारपर्यंत आला नव्हता. साडूची टोळी आपलं काम आटोपून टॉवरच्या तुकड्यांवर ओळीने बसली होती, आमचं कधी होतंय ते बघत. दोन वाजता साडू ओरडला, "काय मुकादम, विहीर खणतोयस का? पाणी लागलं की सांग, आंघोळी उरकून घेऊ!"

सगळे हसले. माझी माणसंही हसली. माझ्याच खड्ड्यात उभी राहून.

मी म्हटलं, भरा.

कुणीतरी म्हणालं, अजून अडीच फूट आहे. मी म्हटलं, मुकादम तू की मी? ठोकळा टाकला, कोरडीच वाळू लोटली, पाणी नाही म्हणून धुम्मसही नावापुरता केला. आणि याच वहीत, चाळीस पानं मागे, पश्चिमेसमोर सात लिहिलं. माझं अक्षर त्या पानावर एरवीपेक्षा चांगलं आलंय.

एवढ्यावर थांबलो असतो तर रागाच्या भरात झालं म्हटलं असतं. पण पुढचं मी थंड डोक्याने केलं. तार बांधायच्या आधी प्रत्येक अँकर यंत्राने ओढून बघतात. रोजचा ताण काट्यावर पाच असतो, वाऱ्यात तो दहा-बारावर जातो, म्हणून चाचणीत पंधरापर्यंत ओढायचं. आठ तारखेला चाचणी होती. मी यंत्रात बिघाड आहे सांगून एक दिवस पुढे ढकलली, कारण आभाळ भरून आलं होतं. नऊ तारखेच्या पहाटे चांगला पाऊस झाला, आणि सकाळी ओल्या वाळूत आम्ही ओढलं. दमट वाळूचे कण एकमेकांना धरून असतात, तिच्यात उथळ ठोकळाही भाव खाऊन जातो. काटा पंधरावर ठाम. साडूने स्वतः पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे दहा दिवस कोरडा वारा वाहणार आणि ही पकड सुकून जाणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला खाणंपिणं जितकं कळतं तितकं ते कळतं.

आणि आणखी एक. टॉवर पडला तेव्हा सगळे साडूकडे धावले. मी पश्चिमेच्या खड्ड्याकडे धावलो. ठोकळा अर्धा वर आला होता. अँब्युलन्सच्या वाटेत अडथळा नको म्हणून मी यंत्रवाल्याला बोलावून तो उपसून बाजूला करायला लावला, खड्डा बुजवून घेतला. मग साडूकडे गेलो. अँब्युलन्स यायची होती, तो अजून वाळूतच पडला होता, तोंड पांढरं झालेलं. मला म्हणाला, "तुला कुठे लागलं नाही ना?"

३ मार्च

कंपनीने बोलावलं. टॉवर त्याच जागी नव्याने उभा करायचा आहे. नवी इंजिनीअर बाई आली आहे, तरुण आहे, पण नजर तीक्ष्ण. म्हणाली, "जुना अहवाल वाचला. ताण चुकला असं लिहिलंय. पश्चिमेचा ठोकळा बघायला मिळेल का?" मी म्हटलं, तो तेव्हाच काढला. "इतक्या लगेच?" मी म्हटलं, वाटेत येत होता. तिने मान हलवली आणि दुसरा कागद काढला.

या खेपेला खालचं आणि वरचं, दोन्ही काम माझ्या हाताखाली. बाहेर आलो तेव्हा मला बरं वाटत होतं. इथे खोटं कशाला लिहू? आणि हे पहिल्यांदा नाही. साडू इस्पितळात होता ते पहिले पंधरा दिवस, जो तो मला विचारायचा, "मुकादम, तुमचं काय मत?" आजवर सगळी जत्रा वर बघायची. वर चढणारा दिसतो, पुरलेलं कुणाला दिसतं? लग्नाच्या बोलाचालीतसुद्धा सासरे म्हणायचे, थोरला जावई आभाळात काम करतो. धाकटा काय करतो, ते कुणी विचारत नसे. त्या पंधरा दिवसांत मी केस विंचरून इस्पितळात जायचो.

तसं माझ्या मनात त्याच्याबद्दल कधीच काही नव्हतं.

८ मार्च, रविवार

साडूला म्हटलं, चल माझ्याबरोबर नव्या टॉवरवर. वर नको चढूस, तारा तर ताण. तो म्हणाला, "नको रे. ज्या हाताने एकदा घात केला त्या हाताखाली मी दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही."

जिन्यात ताई मागून आली. म्हणाली, "भाऊजी, यांना जरा समजवा. बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलावतात. गॅसचं बटण बंद केलं की मला हाक मारतात, तू एकदा बघ म्हणून. टाच भरून आलीय, डॉक्टर म्हणतात चढायला हरकत नाही. यांचंच मन घेत नाही." मग म्हणाली, त्याने एका गोदामाच्या फाटकावर बसायची नोकरी धरली आहे, एक एप्रिलपासून. उंचीवर काम करायचं कार्ड एकतीस मार्चपर्यंत नवं करून घ्यावं लागतं. ते तो करणार नाही म्हणतो. एकदा कार्ड गेलं की पन्नाशीनंतर पुन्हा सगळी परीक्षा द्यावी लागते, आणि त्या टाचेला परीक्षेत कोण पास करणार?

म्हणजे एकतीस मार्चनंतर तो कायमचा खाली.

माझ्याजवळ तेवीस दिवस आहेत.

१४ मार्च

सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. दार उघडल्यावर ताई म्हणाली, "बरं झालं आलात, खिडकीची बिजागरी निघालीय." बिजागरी बसवली. मग कपाटाचं दार घासत होतं ते तासून दिलं. मग माळ्यावरची फळी. साडू म्हणाला, "तुझे उपकार कुठे फेडू रे?" माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायच्या निमित्ताने बराच वेळ पलंगाखाली होतो.

सांगितलं नाही.

१९ मार्च

नवा टॉवर जुन्याच जागी, म्हणून पश्चिमेचा नवा खड्डा जुन्याच्या अगदी शेजारी आला. सकाळी खणायला लावलं. काल पाऊस झाल्याने वाळू दमट होती, भिंत सुरीने कापल्यासारखी उभी राहिली. सात फूट झाले. मी आत उतरलो, आणि बाजूच्या भिंतीत माझा जुना खड्डा मला दिसला.

इथल्या वाळूत बारीक शिंपल्यांचे पट्टे आहेत, एकावर एक, आडवे. वरच्या भागात ते मोडलेले, सगळी कालवाकालव. आणि मग एका सरळ रेघेखाली एकही पट्टा तुटलेला नाही. तिथवर मी खणलं होतं, त्याच्या खाली कुणाचं फावडं कधी गेलं नव्हतं. मी टेप लावला. साडेचार. वर दोन बोटंसुद्धा नाहीत.

पाच महिन्यांनीही ते तसंच होतं. मला वाटलं होतं वाळू आहे, कोण ओळखतंय.

माणसांना मी चहाला पाठवलं. इंजिनीअर बाई दक्षिणेच्या खड्ड्यावर होती, हाक मारली असती तर दोन मिनिटांत आली असती. मी हाक मारायला तोंडही उघडलं. मग फावडं घेतलं आणि ती भिंत वरपासून खालपर्यंत खरवडून काढली. हात भरून येईपर्यंत खरवडत होतो. बाई आली तेव्हा म्हणाली, "ही कडा का ढासळली?" मी म्हटलं, वाळूचं काय सांगावं.

२० मार्च

काही खाल्लं नाही. हिने विचारलंही नाही का म्हणून.

२२ मार्च, रविवार

सांगितलं. कुठलीही वस्तू दुरुस्त करायच्या आधी, दारातल्या खुर्चीवर बसून. म्हटलं, "पश्चिमेचा अँकर सात फूट नव्हता. साडेचार होता. मी सात लिहिलं. तुझ्या हाताची काही चूक नाही."

साडूने ताईकडे बघितलं. "कार्डाचं तू सांगितलंस ना याला?"

ताई म्हणाली, "हो, पण—"

तो हसला. इतकं मऊ हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "नळ झाला, खिडकी झाली, आता हे. अरे, माझ्यासाठी स्वतःच्या पोटावर पाय मारून घेशील का?"

मी म्हटलं, "मी खरं सांगतोय."

"चाचणी झाली होती. पंधरावर काटा मी या डोळ्यांनी पाहिला."

"वाळू ओली होती! मी मुद्दाम पावसापर्यंत थांबलो होतो!"

"पुरे आता," तो म्हणाला. "सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलंस. कबूल. पण खोटं बोलून मला वर चढवू नकोस. चढेन आणि दुसऱ्या कुणाला मारेन." ताई पदर डोळ्यांना लावून उभी होती. मला म्हणाली, "देवमाणूस आहात."

माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. होतं ते मी गुरुवारी फावड्याने घालवलं होतं. सात लिहिलेली वही आहे, ती तर त्याच्याच बाजूने बोलते. वहीची ही मागची पानं त्याच्यापुढे ठेवावीत असं मनात आलं, पण तो म्हणणार, हेही तू कालच बसून लिहिलंस.

आजवर माझं खोटं सगळ्यांना पहिल्या फटक्यात पटलं.

२३ मार्च

हिला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. "हो," म्हणाली, आणि पुढचा शर्ट घेतला.

"हो काय? तुला माहीत होतं?"

"सात फुटांच्या दिवशी तुमच्या कानात वाळू असते. त्या दिवशी नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं? माझी बहीण पाच महिने त्या माणसाला हाताला धरून उठवतेय, आणि मी तिथे बसून जेवते. मी रोज वाट बघत होते, आज बोलाल, उद्या बोलाल." मग म्हणाली, "आता मला सांगून काय उपयोग? माझी टाच फुटलीय का?"

२४ मार्च

इंजिनीअर बाईसमोर सगळं सांगितलं. लेखी दिलं, सही केली. तिने विचारलं, "खड्ड्यात खूण राहिली असेल ना?" मी म्हटलं, "होती. मीच मोडली. गुरुवारी." तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या शब्दाशिवाय काही नाही. आणि तुमच्या शब्दाची ही अशी कथा."

मी म्हटलं, "एक करता येईल. मी पुन्हा तसाच खड्डा खणतो. साडेचार फूट, कोरडी वाळू, पाणी नाही, तसाच ठोकळा. तार बांधू, काटा लावू, आणि तार ताणायचा आटा साडूला फिरवायला लावू. दुसऱ्या कुणाला नको. तुम्ही बोलावलंत तर तो येईल. मी बोलावलं तर येणार नाही, त्याला वाटेल मी पुन्हा उपकार करतोय."

ती म्हणाली, "ठीक आहे. त्यानंतर तुम्ही या साइटवर पाय ठेवायचा नाही."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२७ मार्च

तीन दिवस कडक ऊन. वाळू बोटांतून पळत होती. खड्डा मी एकट्याने खणला, कुणाला हात लावू दिला नाही. साडेचारला थांबलो. एखादं काम मुद्दाम वाईट करायचं, आणि तेही नीट मोजून, हे किती कठीण असतं! हात सवयीने आणखी खाली जात होते.

साडू पोरीबरोबर आला, काठी टेकत. बाईने त्याच्यापुढे टेप धरला. त्याने वाकून आकडा बघितला आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. मग मी ठोकळा टाकला, कोरडी वाळू लोटली, त्या दिवशी केला होता तितकाच धुम्मस केला. वरून बघाल तर पुऱ्या सात फुटांच्या अँकरसारखाच दिसत होता.

बाई म्हणाली, "आता रोजचा ताण द्या."

साडू आट्यापाशी बसला. हात पुढे करायला तयार होईना. पोरगी म्हणाली, "बाबा, मी काटा वाचते." मग त्याने फिरवायला सुरुवात केली. तीन. चार. पाच. पाचला थांबला. ठोकळा हलला नाही. तो म्हणाला, "बघ, धरतोय की."

"आता वारा आला असं समजा," बाई म्हणाली. "फिरवत राहा."

सहा. सातला ठोकळ्याच्या पुढे वाळूवर कमानीसारखी चीर उठली. साडूने पाहिली. त्याने आणखी पाव फेरा दिला. आठ. वाळूचा पापुद्रा फुगला, आतला ठोकळा सरकला आणि काटा धाडकन खाली पडला. पोरगी आकडा वाचायची विसरली.

साडूने आटा उलटा फिरवून सोडला, पुन्हा आवळला, जणू तारेत काही उरलंय का बघत होता. मग म्हणाला, "सात फुटांवर असता, तर मी पाचचे आठ केले असते तरीही हलला नसता?"

"पंधरापर्यंत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे माझा हात चुकला असता तरी टॉवर पडला नसता."

"नाही."

तो काठी धरून उठला. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "का रे? टँकर आला नव्हता म्हणून?"

मी खोटं बोलू शकत होतो. टँकरवर ढकललं असतं तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. म्हटलं, "तू विहीर म्हणालास. सगळे हसले."

त्याला आठवेना. बराच वेळ आठवत राहिला, मग आठवलं. "एवढ्यासाठी?" त्याचा आवाज फाटला. "मग तिथल्या तिथे एक सणसणीत शिवी हासडायची होतीस! मी काय शिव्या खाल्ल्या नाहीत कधी? टाचेचं मला काही नाही, हाडं जुळतात. पण पाच महिने मी या हाताने साधा नळ आवळला नाही. पोरीच्या सायकलीला हात लावला नाही. तू रोज यायचास, बघायचास, चहा प्यायचास."

पोरीने त्याचा दंड धरला. ती माझ्याकडे बघत होती. तिने मला काका म्हटलं नाही. दोघं गेली. मी ठोकळा बाहेर काढला, खड्डा बुजवला, अवजारं पुसून दिली आणि फाटकाबाहेर आलो.

३१ मार्च

कंपनीचं पत्र आलं. जुना अहवाल रद्द, दोष माझ्यावर, मला कामावरून काढलं आहे. मी दोनदा वाचलं. त्यात चुकीचं असं एक अक्षर नाही.

दुपारी हिचा ताईशी फोन चालला होता. माझ्याशी नाही, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ही म्हणाली, "कार्ड झालं? आज? बरं झालं बाई." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. ही बाहेरून म्हणाली, "पाणी वाया जातंय." नळ बंद केला.

१८ एप्रिल

टॉवर उभा राहिला. साडू वर चढला. पहिल्यांदा दोनच टप्पे, मग शेवटपर्यंत. हे सगळं हिच्याकडून कळलं. आम्ही अजून त्यांच्याकडे गेलेलो नाही. ही एकटी जाते. मला बोलावणं नाही, आणि न बोलावता जायला माझ्याकडे आता कुठली बिजागरी नाही.

माझ्या जागी आलेला मुकादम चांगला आहे म्हणे, सरळ माणूस. तरी साडूने पश्चिमेचा खड्डा भरण्याआधी काम थांबवलं, काठी बाजूला ठेवून स्वतः आत उतरला आणि टेप लावून बघितला. मग बाकीचे तीनही बघितले. त्या माणसाला राग आला असेल.

बावीस वर्षांत माझा खड्डा त्याने एकदाही मोजला नव्हता.